तारीख बघ, नाव बघ

१ जून, रविवार

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. दादाच्या दुकानात विकायची राहिली, मालकानं त्याला दिली, त्यानं माझ्यापुढं टाकली. त्यामुळं प्रत्येक पानावर वार चुकीचा. आजच्या पानावर शनिवार छापलाय, मी खोडून रविवार केला. रोज खोडावं लागणार, पण फुकटच्या वस्तूला नावं ठेवायची नसतात.

कडुबा सर म्हणाले, संस्कृती, रोजची वेळ लिहून ठेव. सर हवालदार म्हणून फौजेतून रिटायर झालेत आणि पडेगावच्या मैदानावर सकाळी भरतीच्या पोरांना पळवतात. सतरा पोरं आणि मी. मुलींनी सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत पळालं तर पूर्ण मार्क, आठच्या आत आलं तर कमी मार्क, आठच्या पुढं गेलं की थेट घरी. आजची माझी वेळ आठ मिनिटं चार सेकंद. म्हणजे आज मी घरी.

घरी आले तर गल्लीत वाढदिवसच वाढदिवस. आमचे नाना, दादा, कडुबा सर, समोरचे सखाराम काका, सगळे एक जूनवाले. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की तारीख कुणाला ठाऊक नसायची, मग गुरुजी एक जून टाकून मोकळे व्हायचे. दादाला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आला. त्यानं वाचला आणि फोन पालथा घातला. मी केकचं नाव काढलं तर आईनं डोळे वटारले.

दादाचा खरा वाढदिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असतो. त्या दिवशी आई शिरा करते.

४ जून, बुधवार

वेळ ७:५८. आठच्या आत.

वैदेहीचा फोन आला होता. अकरावीपासूनची मैत्रीण, घरात सगळे प्राध्यापक, तिचं इंजिनिअरिंग पाळण्यातच ठरलेलं. ती म्हणाली, आधी डिग्री कर, मग ऑफिसरची परीक्षा दे, शिपाई कशाला होतेस. बरोबर बोलते ती. तिचं सगळंच बरोबर असतं, म्हणून तर राग येतो.

पण खरं सांगायचं तर मला डिग्रीची हौस नाही. दोन वर्षांपूर्वी छावणीजवळ फौजी गाड्यांचा ताफा चालला होता आणि रस्त्याच्या मधोमध एक बाई उभी होती, मिलिटरी पोलिसांच्या युनिफॉर्ममध्ये, पांढरे हातमोजे. एक मोठी जीप हॉर्न वाजवत पुढं घुसायला लागली. ती ओरडली नाही की काही नाही. नुसता हात वर केला आणि जीप वापस गेली. नाशिकची होती म्हणे. त्या दिवशी मी स्कूटीवर बसल्या बसल्या ठरवलं, मला तिथं उभं राहायचंय.

अग्निवीर म्हणजे चार वर्षांची नोकरी, आणि चारातला एकच कायम होतो, हे मला माहीत आहे. सगळे मला असं सांगतात की जणू मी जाहिरात वाचलीच नाही. भीती वाटते, वाटत नाही असं नाही. पण भीती कॉलेजचीही वाटते. चार वर्षं वर्गात बसून खिडकीतून बाहेर बघेन आणि मनातल्या मनात पळेन, हे मला आजच दिसतंय.

दादाला सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. खूश झाला असणार. त्याच्यासारखं पळणारं पोरगं पडेगावात आजवर झालं नाही.

१६ जून, सोमवार

सीईटीचा निकाल लागला. बरे मार्क आहेत. नानांनी पेढे आणले आणि कंपनीतून कुणाला तरी फोन करून कोणतं कॉलेज मिळेल ते विचारलं. मी म्हटलं, नाना, मला भरतीला जायचंय. नाना म्हणाले, फॉर्म तर भर. मी म्हटलं, भरते, पण भरतीला जायचंय. नाना म्हणाले, भर ना मग. नानांशी भांडता येत नाही, ते भांडणाला टेकूच देत नाहीत.

मुलगी आहे म्हणून सोडवत नाही त्यांना, दुसरं काय. दादाच्या वेळी कुठं अडवलं होतं?

दादाचं लिहून ठेवते, कारण माझ्या डोक्यात तेच घोळतंय. चार वर्षांपूर्वी दादा भरतीत पळाला, पाच मिनिटं बावीस सेकंद. मेडिकलही झालं. राहिली फक्त लेखी परीक्षा. ती पुढं ढकलली, परत ढकलली, परत ढकलली आणि शेवटी सगळी भरतीच रद्द झाली. नवीन भरती निघाली तेव्हा वयाची सूट दिली होती, पण दादा चार महिन्यांनी बाहेर गेला. चार महिने! कागदावरच्या एक जूननं.

तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि रोज सकाळी फोन घेऊन मैदानाच्या कडेला त्याची वेळ लावायचे. तो पळायचा थांबला त्या दिवसापासून मैदानाकडं फिरकला नाही. आता औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानात काउंटरला असतो.

३ जुलै, गुरुवार

भरतीची ऑनलाइन परीक्षा झाली. गणित सोपं, सामान्यज्ञान बेकार. एका प्रश्नाला तर चारही पर्याय मला बरोबर वाटले.

दादानं गाडीवर सेंटरला सोडलं आणि तीन तास बाहेर थांबला. मी म्हटलं, कामावर जायचं ना. तर म्हणे, आज दुकानात गर्दी नाय. जुलैत, पुस्तकांच्या दुकानात, गर्दी नाही. काहीही सांगतो.

११ जुलै, शुक्रवार

७:४१. लांब उडी साडेनऊ फूट, पाहिजे दहा.

पोटरीत गोळा आला. कडुबा सर म्हणाले, फौजेत पळायचं असतं असं समजू नको, फौजेत थांबायचं लई असतं. पाय दुखतोय तर बस गुमान. बसले.

२६ जुलै, शनिवार

पास! लेखी पास!

मैदानी चाचणी २३ ऑगस्टला पुण्यात. यादीत नंबर तीन वेळा बघितला, आईलाही बघायला लावला. आईला आकडे दिसले नाहीत पण ती रडली. मैदानावर पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, मी म्हटलं, हात लावला तर बघा. मग त्यांनी कडुबा सरांनाच उचललं.

सोबत कागदांची यादी आलीय. दहावी, बारावी, टीसी, रहिवासी, जात, चारित्र्य, अविवाहित असल्याचा दाखला. सगळं ओरिजिनल. ओरिजिनल नसेल तर गेटमधून आत नाही.

दादानं यादी वाचली, परत वाचली. म्हणाला, "तारखा सगळ्या एकच आहेत ना कागदांवर?" एवढंच. शाबास वगैरे काही नाही.

३१ जुलै, गुरुवार

घ्या आता. कॉलेजही मिळालं. इलेक्ट्रिकल, शहरातलंच चांगलं कॉलेज, आणि ते पण पहिल्या पसंतीचं. चार तारखेपर्यंत जाऊन कागद जमा करायचे, नाहीतर सीट जाते. टीसी ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं.

म्हणजे टीसी एक आणि मागणारे दोघं.

जेवताना मी सांगून टाकलं की मी कॉलेजला जाणार नाही, कागद पुण्याला नेणार. आई नानांकडं बघायला लागली, नाना ताटाकडं. दादा म्हणाला, पुण्यात नाय झालं तर? मी म्हटलं, तर पुढच्या वर्षी बघू. तो म्हणाला, "पुढचं वर्ष कुणी बघितलंय." आणि हात धुवायला उठला. अर्धी भाकर ताटात तशीच.

मला वाटलं होतं निदान तो तरी माझ्या बाजूनं असेल.

२ ऑगस्ट, शनिवार

७:३३. अजून तीन सेकंद.

वैदेही मैदानावर आली होती, पहिल्यांदाच, छत्री घेऊन. तिनं परत समजावलं. मी म्हटलं, ऑफिसरची परीक्षा फौजेत राहूनही देता येते, मी होणार नाही असं कुणी सांगितलं तुला. ती म्हणाली, आणि नाही झालीस तर? मी म्हटलं, तर शिपाई राहीन, त्यात काय कमीपणा आहे. तिनं छत्री मिटली. मग म्हणाली, तुझी पळायची स्टाइल मात्र मस्त आहे. ही पोरगी अशी मधेच चांगली वागते.

४ ऑगस्ट, सोमवार

आज कॉलेजची शेवटची तारीख. पाच वाजता सीट गेली असणार. मला वाटलं होतं वाईट वाटेल, पण हलकं वाटलं.

दादा आज रिक्षानं घरी आला. गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय म्हणे.

५ ऑगस्ट, मंगळवार

सीट गेलेली नाही. मीच गेलेय.

सकाळी झेरॉक्स काढायला कपाटातली फाईल काढली तर रिकामी. नुसते फोटो आणि आधार. आईला विचारलं, तिनं पदर तोंडाला लावला, मग सांगितलं. दादानं काल फाईल कॉलेजात नेऊन दिली. तिथला क्लार्क त्याच्या दुकानात येणारा, ओळखीचा. मागच्या आठवड्यात स्कॉलरशिपचा म्हणून माझ्याकडून ज्या फॉर्मवर सही घेतली, तो स्कॉलरशिपचा नव्हता. फी पण भरून आला. कुठून आणली, देव जाणे.

डोकं फिरलं माझं. मी त्याच्या अंगावर ओरडले, काय काय बोलले ते लिहीत नाही. तो खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता. बांधली, सोडली, परत बांधली. म्हणाला, "आता झालं ते झालं. तू शिक." आणि गेला.

अठरा दिवस राहिलेत आणि माझा टीसी दुसऱ्याच्या कपाटात आहे. एवढा हरामीपणा तर मैदानावर माझी बाटली लपवणारी पोरंही करत नाहीत.

६ ऑगस्ट, बुधवार

७:२८. साडेसातच्या आत पहिल्यांदा. रागानं पळाले.

कुणालाही सांगितलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

कॉलेजात गेले होते. खिडकीतल्या बाईंनी नीट सांगितलं. प्रवेश रद्द करायचा तर अर्ज, भरल्याची पावती आणि पालकाची सही. टीसी तीन दिवसांत वापस. पण सीट गेली की गेली, पुण्यात काहीही होवो. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, बाळा, नक्की? मी म्हटलं, नक्की. आवाज जरा जास्तच मोठा निघाला.

म्हणजे पावती दादाकडून पाहिजे आणि सही नानांची. दोघंही माझ्या विरुद्ध. छान.

घरी आल्यावर पावती शोधायला कपाट उपसलं. पावती सापडली नाही, पण खाली साड्यांच्या मागं एक जाड फाईल सापडली. वर दादाचं नाव. मला वाटलं त्याच्या भरतीची असेल. उघडली तर अर्जच अर्ज. शिक्षणाधिकाऱ्यांना, तहसीलला, गावच्या शाळेला, जन्मतारीख दुरुस्त करून मिळणेबाबत. ॲफिडेव्हिट, आईचं वेगळं, नानांचं वेगळं, गावच्या सुईणीचा अंगठा. चौदा अर्ज मोजले. प्रत्येकाखाली नानांची सही आणि प्रत्येकावर तोच शिक्का, दुरुस्ती करता येणार नाही.

आईनं मग सांगितलं. दादा पावणेपाच वर्षांचा होता. नानांना वाळूजला कंपनीत नुकतंच काम लागलेलं, आई रानात, पोराला बघायला कुणी नाही. गुरुजी म्हणाले, पट कमी पडतोय, वय थोडं वाढवून लिहितो, बसू द्या पहिलीत. नाना घाईत होते. म्हणाले, लिहा गुरुजी, काय फरक पडतोय. सव्वा वर्ष वाढवलं. सतरा वर्षांनी त्यातले चार महिने आडवे आले.

दादाला हे भरतीच्या वेळीच कळलं. तेव्हापासून तो नानांशी कामापुरतं बोलतो. मला वाटायचं, त्याचा स्वभावच तसा झालाय. एकाच घरात राहून मला हे माहीत नव्हतं, मी आपली वेळा लिहीत बसले.

माझा जन्मदाखलाही त्याच फाईलीत होता. नोंद मी झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशीची, लॅमिनेशन केलेलं, वर तीन झेरॉक्स. नाना उगाच काहीही जपून ठेवतात.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी पौर्णिमा. आई म्हणाली, भांडण आजचा दिवस बाजूला ठेव. मी राखी पाकिटात टाकली, रद्द करायचा अर्जही टाकला आणि क्रांती चौकातून शेअर रिक्षा धरून औरंगपुऱ्यात गेले.

दुकानात ही गर्दी. पहिल्या वर्षाची पोरं, आईबापासकट. दादा शिडीवर चढून पुस्तकं काढत होता आणि खाली एक बाई त्याला सांगत होती, माझ्या मुलाला दुसरी आवृत्ती नको, नवीच पाहिजे. मला बघून तो उतरला. मालकाला सांगून मागच्या गल्लीत आला. हात पुढं केला. मी त्या हातावर अर्ज ठेवला.

त्यानं वाचला. मी विचारलं, का केलंस.

"रोज या काउंटरला उभा राहतो मी. पोरं पुस्तकं नेतात, चार वर्षांनी तीच पेढे घेऊन येतात. एकाला पण कुणी वय इचारलं नाय आजवर. डिग्री कुणी वापस घेत नाय, संस्कृती. बाकी समदं घेतात."

मला त्या क्षणी त्याची इतकी दया आली की राग गिळून घरी जावं वाटलं. कॉलेजला जावं, त्याला बरं वाटेल. खरंच वाटलं तसं, लिहून ठेवते. मग ती पांढरे हातमोजेवाली आठवली आणि मी पाय रोवून उभी राहिले.

म्हटलं, "नानांनी तुझी तारीख दुसऱ्याला लिहू दिली, म्हणून चार वर्षं तू त्यांच्याशी धड बोलला नाहीस. आता माझी तू लिहितोयस. मी किती वर्षं बोलायचं नाही तुझ्याशी, तेवढं सांग."

गल्लीतून एक हातगाडी आली, आम्ही दोघं भिंतीला चिकटलो.

"पुण्यात पडलीस तर दोन्हीकडून जाशील," तो म्हणाला.

"जाईन. पण माझी मी जाईन."

त्यानं खिशातून पाकीट काढलं. पावती चार घड्या करून आतल्या कप्प्यात ठेवली होती. दिली. मग मनगट पुढं करून म्हणाला, राखी? मी म्हटलं, सही झाल्यावर. लई खडूस आहेस तू, म्हणाला. हसला नाही, पण हसण्याच्या जवळ आला.

११ ऑगस्ट, सोमवार

आजचं नीट लिहिते, विसरायचं नाहीये.

नानांनी सुट्टी काढली. इस्त्रीचा शर्ट घातला, जणू लग्नाला निघालेत. रात्री मी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला होता तेव्हा ते फक्त म्हणाले होते, तिथंच करू सही, खिडकीपुढं. मला वाटलं, तिथं गेल्यावर नाही म्हणणार. चारचौघांत मला काही बोलता येणार नाही म्हणून. पूर्ण रस्ता मी मनात भांडण तयार करत होते.

दादाही आला. दुकानातून अर्धा दिवस मागून.

खिडकीपुढं रांग होती. आमचा नंबर आला. बाईंनी अर्ज पुढं सरकवला, म्हणाल्या, इथं करा सही. नानांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, लावला. अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, बोट फिरवत. मागचा माणूस म्हणाला, काका, आटपा की. नाना म्हणाले, थांबा जरा.

परत वाचला. मग माझ्याकडं दिला.

"मी एकदा न वाचता 'लिहा' म्हटलं होतं," नाना म्हणाले. दादाकडं बघत नव्हते, पण सांगत त्यालाच होते. "तारीख बघ, नाव बघ, समदं बघ. हे तुझंच आहे ना? मग मी सही करतो."

मी वाचलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, अक्षरं दिसत नव्हती, तरी वाचलं. जन्मतारीख बघितली, नाव बघितलं, कारण बघितलं. कारणाच्या जागी मी लिहिलं होतं, सैन्यभरतीसाठी. म्हटलं, "व्हय नाना. माझंच आहे."

नानांनी सही केली. पूर्ण सही, नानासाहेब औताडे, आडनावासकट, खाली तारीख. भांडण माझं सगळं वाया गेलं. मला वाटत होतं त्यांना मी मुलगी म्हणून नकोय तिकडं. ते कागदालाच भीत होते.

बाईंनी शिक्का मारला. सीट गेली. आता हातात काही नाही, पाय आहेत फक्त.

बाहेर आल्यावर मी दादाच्या मनगटाला राखी बांधली, तिथंच पायऱ्यांवर. मग दादा नानांना म्हणाला, "चला, चहा घेऊ." नाना म्हणाले, घेऊ. दोघंही साखर कमी घ्यायला सांगतात, आजच कळलं मला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

टीसी मिळाला, बाकीचे कागदही. उशीखाली ठेवलाय. आई म्हणाली चुरगळेल. मग नानांच्या फाईलीत ठेवला, जन्मदाखल्याच्या शेजारी.

१७ ऑगस्ट, रविवार

७:३६. मागं आले. काय चुकतंय कळत नाही. झोप नाही, पोट बिघडलंय.

मी काय करून बसले, हा विचार आज दिवसभर होता. वैदेहीचं कॉलेज सुरू व्हायचंय, तिनं वह्या आणल्या, फोटो पाठवला. मी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी दादा मैदानावर आला. चार वर्षांनी. बाकड्यावर बसून माझ्या दोन फेऱ्या बघितल्या. मग म्हणाला, "पहिल्या फेरीत तू राग काढतेस. राग चौथ्या फेरीला ठेव." आणि चालत घरी गेला. गाडी अजून गॅरेजातच आहे. असलं कसलं गॅरेज, पंधरा दिवस सर्व्हिसिंग करतंय.

२० ऑगस्ट, बुधवार

७:२५. चौथ्या फेरीला ठेवला.

लांब उडी दहा फूट दोन इंच. कडुबा सर म्हणाले, आता पळू नको. खा आणि झोप.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. गावी चुलत्यांकडं बैल आहेत, पण यंदा आम्ही गेलो नाही. आईनं मातीच्या जोडीची पूजा केली आणि दुपारीच शिऱ्याचा डबा भरून दादाच्या बॅगेत टाकला. म्हणाली, उद्या तुम्ही इथं नसणार.

नाना बसस्टँडवर सोडायला आले. फाईल त्यांनीच धरली होती, बस लागल्यावर माझ्या हातात दिली. मी म्हटलं, बघितलं नाना, सगळं बघितलं. मग त्यांनी मान हलवली.

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय. दादाला विचारलं, गाडीवर स्टँडला आलो असतो ना, कधी मिळणार आहे ती. तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी परत विचारलं. म्हणाला, "झोप की आता."

मी कॉलेजच्या फीचा विचार केला. मग परत विचारलं नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. प्रवेश रद्द केला त्या दिवशी कॉलेजातून मी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणलाय, दादासाठी. त्याला वयाची अट नाही, पहिल्या ओळीतच लिहिलंय. नाव भरायला पेन काढलं होतं, वापस ठेवलं. डायरीत घालून ठेवलाय, कोरा. त्याला पाहिजे असेल तर तो मागेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

डायरीवर शुक्रवार छापलाय. आज शनिवार आहे, पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी गेटबाहेर रांगेत उभं राहून आम्ही डब्यातला शिरा खाल्ला. मी म्हटलं, हॅपी बर्थडे, पंचवीस झालास. तो म्हणाला, कागदावर सव्वीस. मी म्हटलं, कागद आज माझे बघणार आहेत.

गेटच्या आत उमेदवारच. दादाला भिंतीबाहेर थांबावं लागलं. आत एका मॅडमनी सगळे कागद एकाशेजारी एक लावले आणि तारखेवरून बोट फिरवलं, दहावीवर, टीसीवर, दाखल्यावर. हिंदीत विचारलं, सब एक ही है ना? सगळीकडं एकच होती. बारा नोव्हेंबर. मला नानांचं लॅमिनेशन आठवलं.

शंभर-शंभरच्या बॅचेस होत्या, मी तिसरीत. शिट्टी झाली आणि सगळ्या पोरी सुसाट सुटल्या. माझ्या आजूबाजूला कुणी उरलंच नाही. पहिल्या फेरीला मी मागून कितवी होते देव जाणे. वाटलं, संपलं. सीट गेली, गाडी गेली, नानांची सही गेली. तोंडात पहाटेच्या शिऱ्याची चव आली. मी राग हातात धरून ठेवला, सोडला नाही. तिसऱ्या फेरीला पोरी मागं यायला लागल्या, एकेक. चौथ्या फेरीला सोडला. शेवटचं वळण मला आठवत नाही. दोरीपलीकडं गवतावर पडले होते आणि एक मॅडम हातावर शिक्का मारत होत्या. सात चोवीस. उड्याही झाल्या, लांब आणि उंच दोन्ही.

मेडिकल उद्या आहे. अंतिम यादी त्यानंतर. अजून काहीही होऊ शकतं, मला ठाऊक आहे.

बाहेर आले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दादा भिंतीला लागून, कडुलिंबाखाली उभा होता, सकाळी सोडला होता तिथंच. मी हातावरचा शिक्का दाखवला. त्यानं माझं मनगट धरलं आणि शिक्क्याकडं बघत राहिला.

त्याच्या दुसऱ्या हातात फोन होता. मी बघितलं. त्यावर वेळ चालू होती, मी चौदा वर्षांची असताना लावायचे तशी. चार तास, एकावन्न मिनिटं आणि सेकंद पळतच होते.

"पहिली शिट्टी ऐकली तेव्हा सुरू केलं," तो म्हणाला. "भिंतीपल्याडचं दिसंना. तू कितव्या बॅचला, कधी पोचली, काय कळायला मार्ग नाय. मग बंद कधी करणार?"

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केलं.